गाठ दिसते, मग आधी केमो कशासाठी?

फुप्फुसाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरातलं कुणी ना कुणी म्हणतंच, "गाठ दिसतेय ना? मग आधी ती काढून टाका, बाकीचं नंतर बघू." मामांचे रिपोर्ट आले तेव्हा आमच्याकडे हे मीच म्हणालो होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आधी तीन केमो, मग पुन्हा स्कॅन आणि त्यानंतर जमलं तर ऑपरेशन. आमच्या कानात राहिलं ते फक्त 'जमलं तर'. मामी गप्पच झाली. परतताना गाडीत सगळ्यांच्या मनात एकच होतं की ऑपरेशन करण्याजोगं आता काही उरलेलं नाही, म्हणून केमोवर निभावून नेताहेत.

आमचा तो समज साफ चुकीचा होता. पुढचे पाच-सहा महिने मी या विषयाचं जे मिळेल ते वाचत राहिलो आणि डॉक्टरांना प्रश्न विचारत राहिलो. त्यातून जे समजलं ते इथे लिहितो आहे, कारण ज्या आठवड्यात हे समजून घ्यायची सगळ्यात जास्त गरज असते, त्याच आठवड्यात डोकं बधिर झालेलं असतं.

'वाढलेला' म्हणजे किती वाढलेला?

फुप्फुसाच्या कॅन्सरचे दोन मोठे गट आहेत. शंभरातले साधारण ८५ रुग्ण 'नॉन-स्मॉल सेल' गटात येतात, उरलेले 'स्मॉल सेल' गटात. स्मॉल सेल फार वेगाने पसरतो. त्यात केमो आणि रेडिएशन हेच मुख्य उपचार असतात आणि ऑपरेशनची वेळ क्वचितच येते. इथून पुढे मी लिहिणार आहे ते नॉन-स्मॉल सेलबद्दल.

पहिल्या स्टेजला गाठ लहान असते, फुप्फुसाच्या आतच असते. तिथे सरळ ऑपरेशन करतात. चौथ्या स्टेजला आजार मेंदू, हाडं, यकृत अशा लांबच्या ठिकाणी पोचलेला असतो, तिथे मुख्य भर औषधांवर. तिसरी स्टेज या दोन्हींच्या मध्ये येते आणि खरा गुंता तिथेच आहे. 'ॲडव्हान्स्ड' हा शब्द तिसऱ्या स्टेजलाही वापरतात आणि चौथ्यालाही, त्यामुळे तो कानावर पडताच घाबरून जायच्या आधी विचारून घ्यावं की कोणत्या अर्थाने ॲडव्हान्स्ड.

दोन फुप्फुसांच्या मधल्या जागेत हृदय, श्वासनलिका, अन्ननलिका आणि मोठ्या रक्तवाहिन्या दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्यांच्याच आजूबाजूला लसिका ग्रंथी असतात, डाळीच्या दाण्यापासून शेंगदाण्यापर्यंतच्या आकाराच्या. फुप्फुसातून निघालेल्या कॅन्सरच्या पेशी बहुधा आधी या ग्रंथींमध्ये थबकतात. गाठीच्याच बाजूच्या मधल्या ग्रंथींमध्ये पेशी सापडल्या, तर रिपोर्टवर 'एन-टू' लिहितात. पलीकडच्या बाजूला सापडल्या तर 'एन-थ्री'. केमो आणि ऑपरेशन मिळून करायचं का, हा सगळा वाद मुख्यतः एन-टूवरून आहे.

आणि एन-टू म्हणजे काही एकच चित्र नाही. एखाद्याच्या एकाच ग्रंथीत, तेही सुई घालून तपासल्यावर, थोड्या पेशी सापडतात. दुसऱ्याच्या चार-पाच ग्रंथी सुजून एकमेकींना चिकटतात आणि त्यांचा गोळा रक्तवाहिनीला वेढून बसतो. कागदावर दोघांचीही तिसरी स्टेज, पण पहिल्याला ऑपरेशनचा फायदा होऊ शकतो आणि दुसऱ्याला कदाचित अजिबात नाही. स्टेज ठरवण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या नवव्या आवृत्तीत म्हणूनच एन-टूचे दोन भाग केले आहेत: ग्रंथींचा एकच गट बाधित असलेला आणि अनेक गट बाधित असलेला. म्हणून 'तिसरी स्टेज' एवढ्या दोन शब्दांवर शेजाऱ्याच्या रुग्णाशी आपल्या रुग्णाची तुलना करत बसू नये.

तपासण्या एवढ्या का करतात, हेही यावरून लक्षात येईल. सीटी स्कॅनमधून आकार कळतो, पेट स्कॅनमधून कुठे काय चमकतंय ते दिसतं आणि एमआरआय मेंदू तपासतो. पण पेट स्कॅनवर चमकणारी प्रत्येक ग्रंथी कॅन्सरची नसते. क्षयरोगाने किंवा साध्या जंतुसंसर्गाने सुजलेली ग्रंथीही तशीच चमकते. म्हणून श्वासनलिकेतून एक बारीक दुर्बीण आत नेतात. तिच्या टोकाला सोनोग्राफीची सोय असते. नळीच्या भिंतीपलीकडची ग्रंथी पडद्यावर बघत तिच्यात सुई टोचतात आणि पेशी काढून तपासतात. ईबस म्हणतात त्याला. मामांची ही तपासणी सांगितली तेव्हा 'पेट स्कॅन झालाय की, आता हे कशाला' म्हणून आम्ही कुरकुर केली होती. आता वाटतं, सगळ्या तपासण्यांत जिच्यावर पुढचं सर्वांत जास्त अवलंबून होतं ती हीच.

दिसणारा आजार आणि न दिसणारा आजार

एक सेंटिमीटरच्या गाठीत ढोबळमानाने १०० कोटी पेशी असतात. एक लाख पेशींचा पुंजका भरतो जेमतेम अर्धा मिलिमीटर. तो कोणत्याही स्कॅनवर दिसत नाही. म्हणजे 'स्कॅनमध्ये बाकी कुठे काही नाही' असं लिहून आलं तरी त्याचा अर्थ 'दिसण्याएवढं मोठं कुठे काही नाही' एवढाच होतो.

सर्जन तेच काढू शकतो जे त्याला दिसतं आणि हाताला लागतं. ग्रंथींपर्यंत पोचलेल्या कॅन्सरमध्ये काही पेशी रक्तातून पुढे निघून गेल्या असण्याची शक्यता बरीच असते. अशा रुग्णांचं फक्त ऑपरेशन केलं तर आजार पुष्कळदा परत येतो, आणि बहुतेक वेळा कापलेल्या जागी येत नाही, मेंदूत, हाडांत किंवा यकृतात येतो. ऑपरेशन निर्दोष झालेलं असतं. आजार त्याच्या टप्प्याबाहेर आधीच गेलेला असतो.

केमोचं बलस्थान आणि मर्यादा याच्या बरोबर उलट्या. औषध रक्तातून सगळीकडे जातं आणि वेगाने विभागणाऱ्या पेशींना जिथे असतील तिथे गाठतं. लहान, ताजे पुंजके त्याच्या तडाख्यात चांगले सापडतात. पण चार-पाच सेंटिमीटरच्या गाठीच्या मध्यभागी रक्तपुरवठा तोकडा असतो, औषध तिथे नीट पोचत नाही, तिथल्या बऱ्याच पेशी विभागणं थांबवून नुसत्या पडून असतात आणि काही औषधाला दाद न देणाऱ्याही निघतात. त्यामुळे नुसत्या केमोने मोठी गाठ पूर्ण नाहीशी होणं विरळाच.

दोन उपचार एकापुढे एक ठेवायचं कारण हेच आहे. गाठ आणि ग्रंथी सर्जनने काढायच्या, विखुरलेल्या पेशी केमोने मारायच्या. यातला एक उपचार दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

इथपर्यंत यायला साठ वर्षं लागली

५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये इव्हार्ट्स ग्रॅहम या सर्जनने कॅन्सरसाठी एका रुग्णाचं संपूर्ण डावं फुप्फुस एकाच ऑपरेशनमध्ये काढलं. रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि तो त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं जगला. एवढं मोठं ऑपरेशन माणूस सोसू शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झालं. ग्रॅहम यांनीच पुढे १९५० मध्ये अर्न्स्ट वाइंडर या तरुण सहकाऱ्याबरोबर धूम्रपान आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ते स्वतः अनेक वर्षं सिगारेट ओढत होते. १९५७ मध्ये ते फुप्फुसाच्या कॅन्सरनेच गेले. त्यांचा तो रुग्ण त्यांच्या मागे काही वर्षं जगला. ही हकिकत वाचली त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नव्हती.

केमोचं मुख्य औषध, सिस्प्लॅटिन, हाती लागलं ते जवळजवळ अपघाताने. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि नुसतेच लांब लांब वाढत गेले. शोध घेतल्यावर कळलं की यात विजेचा हात नाही. विजाग्रं प्लॅटिनमची होती, त्यांतून द्रावणात उतरलेल्या प्लॅटिनमच्या संयुगाने हे घडवलं होतं. पेशींचं विभाजन थांबवणारा पदार्थ म्हणजे कॅन्सरवरचं संभाव्य औषध, हे त्यांच्या लक्षात आलं. १९७८ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. आजही फुप्फुसाच्या केमोचा पाया प्लॅटिनम हाच आहे.

मग १९९४ मध्ये दोन छोटे अभ्यास आले, एक स्पेनमधला आणि एक अमेरिकेतला, प्रत्येकी ६० रुग्णांचे. दोन्हींत तिसऱ्या स्टेजच्या काही रुग्णांचं थेट ऑपरेशन केलं आणि काहींना आधी केमो दिली. केमो आधी दिलेल्या गटातला फरक इतका ठळक दिसला की दोन्ही अभ्यास मुदतीआधी थांबवले गेले. स्पॅनिश अभ्यासात थेट ऑपरेशन केलेल्या गटाचं मध्यम आयुर्मान ८ महिने होतं, केमो आधी दिलेल्या गटाचं २६.

एवढ्या लहान अभ्यासांतले आकडे पुढे टिकतातच असं नाही, आणि इथेही ते तेवढे मोठे राहिले नाहीत. २०१४ मध्ये अशा १५ अभ्यासांमधल्या २,३८५ रुग्णांची माहिती एकत्र तपासली, तेव्हा ऑपरेशनआधी केमो दिल्याने पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचं प्रमाण शंभरात ४० वरून ४५ झालेलं दिसलं. ऑपरेशननंतर केमो देण्याच्या अभ्यासांचं उत्तरही साधारण तेवढंच. २००४ मधल्या १,८६७ रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात पाच वर्षांनी हयात असणारे ४०.४ टक्क्यांवरून ४४.५ टक्क्यांवर गेले.

शंभरात चार-पाच. निराश व्हावं की आशा धरावी? मला वाटतं, आकडा जसा आहे तसा समजून घ्यावा. त्यात चमत्कार नाही, पण तो खराही आहे आणि पुन्हा पुन्हा तपासलेलाही आहे. आणि गोष्ट इथे थांबलेली नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

आधी की नंतर?

आधी केमो आणि नंतर केमो यांचा फायदा जवळपास सारखाच, तर मग आधी का? एक कारण अगदी व्यवहारातलं आहे. छातीच्या ऑपरेशननंतर माणूस थकतो, जेवण कमी होतं, जखम दुखते. सहा-आठ आठवड्यांनी केमो सुरू करायची म्हटलं की काहींची ताकद नसते आणि काहींची तयारी नसते. स्पेनमधल्या एका अभ्यासात हा फरक स्वच्छ दिसला: केमो आधी ठरलेल्यांपैकी ९७ टक्के रुग्णांची ती सुरू झाली, नंतर ठरलेल्यांपैकी फक्त ६६ टक्क्यांची. उपचार कितीही चांगला असला तरी शरीरात पोचला तरच त्याचा उपयोग.

दुसरं कारण, औषध लागू पडतंय की नाही ते डोळ्यांना दिसतं. गाठ जागेवर असली की नऊ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून ती लहान झाली की नाही हे बघता येतं. गाठ आधीच काढून टाकली, तर केमोचा परिणाम मोजायचा कशावर?

शिवाय गाठ आक्रसली तर सर्जनला कमी भाग काढावा लागू शकतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. काही थोड्या रुग्णांत केमो चालू असतानाच आजार वाढतो आणि ऑपरेशनची संधी जाते. घरच्यांना मग वाटत राहतं की आधीच कापलं असतं तर. मी हे एका ऑन्कोलॉजिस्टना सरळ विचारलं. त्यांचं म्हणणं असं, की केमो चालू असताना दोन महिन्यांत जो आजार नवीन ठिकाणी उगवतो, तो ऑपरेशनच्या दिवशीही तिथे होताच, फक्त दिसत नव्हता. एवढं मोठं ऑपरेशन सोसून दोन महिन्यांनी तेच कळलं असतं. मला हे पटलं. तरी ज्या घरात असं घडतं त्यांचं दुःख अशा युक्तिवादाने हलकं होत नाही, हेही खरं.

ग्रंथीत पेशी आहेत हे ऑपरेशननंतर, काढलेल्या भागाच्या तपासणीतच कळलं, तर केमो अर्थातच नंतर देतात.

एकवीस दिवसांचं चक्र

केमोचं एक चक्र बहुधा २१ दिवसांचं असतं. पहिल्या दिवशी औषध, मग तीन आठवड्यांनी पुन्हा. हे तीन आठवडे रक्तावरून ठरलेले आहेत. केमो हाडांच्या मगजातल्या वेगाने वाढणाऱ्या पेशींनाही लागते, त्यामुळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात. तिसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा भरून येतात. तोवर थांबावंच लागतं.

सिस्प्लॅटिनच्या दिवसाचा बराचसा वेळ साध्या सलाईनमध्ये जातो. औषध किडनीला त्रास देतं, म्हणून आधी आणि नंतर भरपूर सलाईन चढवतात आणि लघवी नीट होते आहे ना यावर लक्ष ठेवतात. मळमळीवरची औषधं केमो सुरू व्हायच्या आधीच देतात. उलटी सुरू झाल्यावर ती आवरण्यापेक्षा सुरूच होऊ न देणं सोपं असतं, म्हणून ती गोळी 'बरं वाटतंय' म्हणून टाळू नये. या औषधाने कानांवरही परिणाम होऊ शकतो. कानात आवाज येऊ लागला, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर पुढच्या चक्राआधी सांगायलाच हवं. किडनी किंवा कान आधीच कमजोर असतील तर बरेचदा प्लॅटिनमचंच दुसरं औषध, कार्बोप्लॅटिन, निवडतात.

एक गोष्ट मात्र दारावर लिहून चिकटवावी अशी आहे. केमो चालू असताना १०० अंश फॅरेनहाइटच्या वर ताप चढत जाऊन १००.४ ला पोचला, तर सकाळची वाट बघायची नाही. क्रोसिन घेऊन झोपायचं नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठायचं.

मामीने एक दोनशे पानी वही केली होती. तारीख, सकाळचा ताप, संध्याकाळचा ताप, वजन, काय खाल्लं, किती चालले. पहिल्या चक्राच्या आठव्या दिवशीची नोंद आहे: 'अर्धी वाटी भात. चाललेच नाहीत.' अठराव्या दिवशीची: 'जिन्यावरून दोनदा खाली-वर.' डॉक्टर दर वेळी रिपोर्टच्या आधी ती वही मागून घ्यायचे.

हे आठवडे नुसते वाट बघण्याचे नसतात हे आम्हाला त्या वहीमुळे कळलं. या काळात प्रथिनं पोटात जायला हवीत, वजन टिकायला हवं, रोज चालायला हवं. बिडी-सिगारेट चालू असेल तर आजच थांबवायला हवी, कारण ती सोडल्याने ऑपरेशननंतर कफ साठण्याचा आणि न्यूमोनियाचा धोका कमी होतो. आणि तीन गोळ्यांचं ते प्लॅस्टिकचं यंत्र, ज्यात श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात, ते ऑपरेशननंतर हातात येण्याऐवजी आधीपासूनच रोज वापरलं तर फार बरं.

किती फुप्फुस उरेल?

शेवटच्या केमोनंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी ऑपरेशन ठरतं. आधी पुन्हा स्कॅन. गाठ लहान झाली तर उत्तमच. तेवढीच राहिली तरी ऑपरेशन होऊ शकतं, कारण स्कॅनवर तेवढीच दिसणारी गाठ आतून मेलेली असू शकते. नवीन ठिकाणी काही उगवलं असेल तर मात्र बेत बदलतो.

त्यानंतर हिशोब श्वासाचा. उजव्या फुप्फुसाचे तीन लोब, म्हणजे मोठे कप्पे, आणि डाव्याचे दोन. या कप्प्यांचेही छोटे विभाग असतात. हिशोबासाठी उजवीकडे १० आणि डावीकडे ९, असे एकूण १९ धरतात. मामांनी नळीत जोरात फुंकलं तेव्हा पहिल्या सेकंदात २ लिटर हवा बाहेर आली. त्यांची गाठ उजव्या वरच्या लोबमध्ये होती, त्यात ३ विभाग. ते गेले तर १९ पैकी १६ उरतात, म्हणजे अंदाजे १.७ लिटर. सर्जननी हे आमच्यासमोर कागदावर मांडलं. मग खाली दुसरी ओळ लिहिली: पूर्ण उजवं फुप्फुस काढावं लागलं तर १९ पैकी ९, म्हणजे एक लिटरच्याही खाली. "पहिल्या ओळीवर तुम्ही जिना चढाल," ते मामांना म्हणाले, "दुसरीवर खोलीतल्या खोलीत चालतानाही दम लागेल."

केमोमुळे फुप्फुसाची प्राणवायू रक्तात सोडण्याची क्षमता थोडी घटू शकते, म्हणून या चाचण्या केमोनंतर पुन्हा करतात.

एक लोब काढणं आणि अख्खं फुप्फुस काढणं यांतला फरक किती मोठा आहे, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासाने दाखवलं. त्यात एन-टू रुग्णांना केमो आणि रेडिएशन देऊन काहींचं पुढे ऑपरेशन केलं, काहींचं नाही. एकूण आयुर्मानात लक्षणीय फरक पडला नाही. पण आत डोकावल्यावर दिसलं की ज्या ५४ जणांचं अख्खं फुप्फुस काढलं त्यांतले १४ दगावले. एक लोब काढलेल्यांचं चित्र खूपच बरं होतं. तेव्हापासून तिसऱ्या स्टेजला अख्खं फुप्फुस काढायची वेळ येणार असेल, तर बहुतेक ठिकाणी दहादा विचार करतात. श्वासनळीचा बाधित तुकडा कापून उरलेली टोकं पुन्हा जोडायची आणि लोब वाचवायचे, असंही ऑपरेशन असतं, पण त्याला सरावलेला हात लागतो. म्हणून एवढंच म्हणेन, की छातीची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच हे काम द्यावं.

प्रत्यक्ष ऑपरेशनमध्ये भूलतज्ज्ञ एका बाजूचं फुप्फुस हवा काढून मिटवतात आणि दुसऱ्यावर श्वास चालू ठेवतात. त्या लोबची रक्तवाहिनी आणि श्वासनळी बंद करून लोब काढतात, मधल्या ग्रंथीही काढतात. केमोने मेलेला भाग सुकून आजूबाजूला चिकटलेला असतो, त्यामुळे काम सावकाश चालतं. शुद्धीवर येताना बरगड्यांमधून एक नळी बाहेर आलेली असते, तिचं टोक पाण्याच्या बाटलीत. खोकल्यावर बाटलीत बुडबुडे येतात. नवख्याला ते भयंकर वाटतं, पण फुप्फुसाच्या कापलेल्या कडेतून थोडी हवा सुटत असते, एवढंच ते असतं. बुडबुडे थांबले आणि पाणी येणं कमी झालं की नळी निघते.

काढलेल्या फुप्फुसात काय सापडतं

माझ्या मते या सगळ्या प्रवासातला सर्वांत बोलका कागद म्हणजे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट. काढलेला लोब फॉर्मॅलिनमध्ये ठेवून घट्ट करतात आणि त्याच्या चकत्या करतात. जिथे गाठ होती तिथे आता व्रण असतो, मेलेल्या पेशींचा राडा असतो आणि तो साफ करायला आलेल्या शरीराच्या स्वतःच्या पेशी असतात. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतात की या जागेत कॅन्सरच्या जिवंत पेशी किती टक्के उरल्या. १० टक्के किंवा कमी असतील तर मोठा प्रतिसाद मानतात. एकही नसेल तर पूर्ण प्रतिसाद.

नुसत्या केमोने पूर्ण प्रतिसाद फार थोड्यांना मिळायचा. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेकमेट ८१६ या अभ्यासाने हे चित्र बदललं. ३५८ रुग्णांपैकी निम्म्यांना ऑपरेशनआधी तीन चक्रं नुसती केमो दिली, निम्म्यांना केमोबरोबर निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध. नुसत्या केमोच्या गटात पूर्ण प्रतिसाद २.२ टक्के, दोन्ही दिलेल्या गटात २४ टक्के. पाच वर्षांनी हयात असणारे पहिल्या गटात ५५ टक्के, दुसऱ्यात ६५ टक्के. तो शंभरातला पाचाचा फायदा आठवतोय? केमोच्या वर आणखी दहा.

इम्युनोथेरपी कॅन्सरच्या पेशींना थेट मारत नाही. आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींना कॅन्सरने लावलेला ब्रेक ती सोडवते. गाठ शरीरात असतानाच हा ब्रेक सोडवला, तर त्या पेशींना शत्रू ओळखायचा सराव होतो आणि ऑपरेशननंतरही त्या शोधत राहतात, असं शास्त्रज्ञांना वाटतं. म्हणूनही 'आधी' या शब्दाला आता जास्त वजन आलं आहे.

पण हे औषध सगळ्यांसाठी नाही. कॅन्सरच्या पेशीत ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांमध्ये बदल असेल तर त्याचा उपयोग सहसा कमी होतो. ईजीएफआर बदल असलेल्यांना ऑपरेशननंतर ओसिमर्टिनिब ही रोजची गोळी तीन वर्षं दिल्यावर पाच वर्षांनी ८८ टक्के हयात होते, न दिलेल्यांत ७८ टक्के. म्हणून बायॉप्सीच्या तुकड्यावर जनुकांची तपासणी पहिल्या सलाईनच्या आधीच व्हायला हवी. रिपोर्ट यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि ते फार जड जातात, पण तेवढं थांबणं परवडतं.

ऑपरेशन नाही म्हणजे उपचार नाही, असं नाही

पलीकडच्या बाजूच्या ग्रंथींत आजार असेल, ग्रंथींचा गोळा रक्तवाहिन्यांना वेढून बसला असेल किंवा फुप्फुसांत तेवढा दम नसेल, तर केमो आणि रेडिएशन एकत्र देतात आणि त्यानंतर वर्षभर डर्व्हालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध. या मार्गाने गेलेल्यांपैकी पाच वर्षांनी सुमारे ४३ टक्के हयात होते, डर्व्हालुमॅब न मिळालेल्यांत ३३ टक्के. बरं करण्याच्याच उद्देशाने दिलेला हा उपचार आहे. चौथ्या स्टेजलाही लांब एक-दोनच ठिकाणी आजार असेल आणि औषधाने तो आटोक्यात असेल, तर निवडक रुग्णांत त्या जागांवर ऑपरेशन किंवा रेडिएशन करतात.

कोण कुठल्या वाटेने जाणार, हे एकट्या डॉक्टरने ठरवायचं काम नाही. सर्जन, ऑन्कोलॉजिस्ट, रेडिएशनचे डॉक्टर, रेडिऑलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट यांनी एकाच वेळी एकाच स्कॅनकडे बघून ठरवायला हवं, आणि तेही पहिल्या केमोच्या आधी. आपल्या केसवर अशी बैठक झाली का, सर्जननी स्कॅन आत्ताच पाहिलाय का, ग्रंथीतून सुईने तपासणी झाली का, जनुकांचा रिपोर्ट आला का, एक लोब निघेल की अख्खं फुप्फुस, हे विचारायला अजिबात संकोच करू नये. आम्ही यातले दोन प्रश्न उशिरा विचारले. उत्तरं बरी आली, हे आमचं नशीब.

मामांच्या रिपोर्टमध्ये जिवंत पेशी ८ टक्के होत्या आणि कापलेली कड स्वच्छ होती. आता दर सहा महिन्यांनी स्कॅन असतो आणि त्याच्या आधीच्या रात्री घरात कुणी फारसं बोलत नाही. सकाळी चहाच्या आधी ते खिडकीशी बसून यंत्र तोंडाला लावतात. दोन गोळ्या टणकन वर जातात. तिसरी अर्ध्यापर्यंत चढते, थरथरते आणि खाली येते. मामी वहीत लिहिते: 'अडीच'.